‘संशयित’ या शब्दाचे गणित

वाशिम जिल्ह्यातील आसेगावहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे ७२ वर्षांचे आहेत. गावात क्षयरोग शोधण्यासाठी शिबिर भरले, साठीपुढच्या मंडळींच्या छातीची क्ष-किरण चित्रे काढली गेली आणि सासऱ्यांच्या हाती एक चिठ्ठी पडली : ‘संशयित. थुंकी तपासावी.’ त्यांना खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेले नाही, भूक व्यवस्थित आहे. तरीही त्या दिवसापासून घरात त्यांचे ताट आणि पेला वेगळा झाला. नातू त्यांच्याजवळ झोपत असे, त्याची पथारी आतल्या खोलीत गेली. सासऱ्यांनी स्वतःहून मारुतीच्या पारावर जाणे सोडले, आणि थुंकी द्यायला ते तयार नाहीत. ‘आता काय तपासायचे राहिले’ असे म्हणतात. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात : ‘शंभर क्षयरोग्यांपैकी नव्वद या तपासणीत सापडतात, असे तिथे सांगितले. म्हणजे मामाजींना क्षय असण्याची शक्यता नव्वद टक्के धरायची ना?’

उत्तर आधी देतो, कारण त्या घरात त्याची वाट पाहिली जात असेल. नाही. पत्रात लिहिलेले सर्व खरे धरले, तर ती शक्यता नव्वद टक्के नव्हे, शेकडा एक-दोनच्या आसपास आहे. आणि तरीही थुंकी तपासणे अत्यंत आवश्यक आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतील. पण दोन्ही एकाच हिशेबातून निघतात आणि तो हिशेब प्राथमिक शाळेतील गुणाकार-बेरजेपलीकडे जात नाही.

गोंधळ एका वाक्याच्या उलटापालटीतून होतो. ‘क्षय असेल तर चित्रात संशय दिसण्याची शक्यता किती?’ हा एक प्रश्न. ‘चित्रात संशय दिसला तर क्षय असण्याची शक्यता किती?’ हा दुसरा. नव्वद टक्के हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. घराला हवे आहे ते दुसऱ्याचे. आपल्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान सर्वांना ठाऊक असते. पण ते उलटे फिरवून ‘अग्नी आहे म्हणजे धूर असणारच’ असे म्हणता येत नाही, आणि त्यासाठी नैयायिक तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देतात : अग्नी आहे, धूर नाही. तपासण्यांच्या बाबतीत मात्र अशी उलटापालट शिकलेली माणसेही सहज करून बसतात.

आता मोजू या. टक्के बाजूला ठेवावेत आणि माणसे मोजावीत. टक्क्यांत जे धूसर वाटते ते माणसांत लगेच स्वच्छ होते.

२०१९ ते २०२१ या काळात भारतात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झाले. १५ वर्षे व त्यावरील दर लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा, जंतू सापडून सिद्ध झालेला क्षय आहे, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे दहा हजार प्रौढांत सुमारे ३२ रोगी, आणि ९,९६८ जणांना हा रोग नाही. पहिल्या फेरीच्या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवावी याचे माप जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सांगितले आहे : खऱ्या रोग्यांपैकी निदान ९० टक्के सापडावेत, आणि रोग नसलेल्यांपैकी निदान ७० टक्क्यांना तिने ‘ठीक’ म्हणून सोडावे. आपण हेच आकडे घेऊ.

३२ रोग्यांपैकी ९० टक्के, म्हणजे २९ जणांच्या चिठ्ठीवर ‘संशयित’ येईल. रोग नसलेल्या ९,९६८ जणांपैकी ३० टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २,९९० जणांच्या चिठ्ठीवरही तोच शब्द येईल. एकूण चिठ्ठ्या झाल्या ३,०१९. त्यांपैकी खरोखर क्षय असलेले २९. शंभर संशयितांत एक, फार झाले तर.

कोणी म्हणेल, वृद्धांत हा रोग अधिक असतो. सर्वांची सरासरी का घेता? आक्षेप रास्त आहे. मग दुप्पट धरा. दहा हजारांत ६४ रोगी, त्यांतील ५८ सापडले. उरलेल्या ९,९३६ पैकी २,९८१ जणांवर खोटा संशय आला. ३,०३९ चिठ्ठ्यांत ५८ खरे : बावन्नात एक. आकडा हलला, चित्र बदलले नाही.

हे यंत्र निकामी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. मराठीत अशा तपासणीला ‘चाळणी चाचणी’ म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे. खळ्यावरून आलेली तूर आपण आधी चाळतो, मग सुपात पाखडतो, आणि शेवटी ताटात घेऊन एकेक दाणा निवडतो. चाळणीची भोके अशी ठेवावी लागतात की चांगला दाणा खाली गळून जाता कामा नये. मग दाण्याबरोबर थोडे खडेही वर राहतात, त्याला इलाज नाही. छातीच्या चित्रात दिसणारी छाया जुन्या न्यूमोनियाच्या व्रणाची असू शकते, वर्षानुवर्षे चुलीचा किंवा विडीचा धूर घेतलेल्या फुप्फुसाची असू शकते, पूर्वी होऊन बऱ्या झालेल्या क्षयाची असू शकते. ७२ वर्षे श्वास घेतलेल्या छातीवर काही ना काही लिहिलेले असणारच. ‘संशयित’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की हा दाणा चाळणीवर राहिला आहे, आता ताटात घ्या.

शिबिरात जाण्यापूर्वी आसेगावच्या या गृहस्थांना क्षय असण्याची शक्यता तीनशेत एक होती, चिठ्ठीनंतर ती शंभरात एक झाली. तिप्पट झाली, हे खरेच आहे. तिप्पट वाढलेल्या शक्यतेकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही. आणि शंभरात एक शक्यतेसाठी नातवाची पथारी हलवणे हेही नाही.

थुंकी तपासल्यावर काय होईल तेही पाहू. आता बहुतेक ठिकाणी जंतूंचा अंश शोधणारी तपासणी होते. जीनएक्सपर्ट हे त्यातले एक यंत्र. दुसरे ट्रूनॅट, जे गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केले आणि ज्याला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. हिशेबापुरते असे धरू, की ही तपासणी १०० रोग्यांतील ८५ पकडते आणि रोग नसलेल्या १०० पैकी ९८ जणांना ‘नाही’ म्हणते. जीनएक्सपर्टवरील अभ्यासांत याच सुमाराचे आकडे आढळतात. पहिल्या हिशेबातल्या ३,०१९ संशयितांनी थुंकी दिली. २९ रोग्यांपैकी २५ सापडले, ४ निसटले. २,९९० निरोगींपैकी सुमारे ६० जणांना चुकून ‘आहे’ असे सांगितले गेले आणि २,९३० मोकळे झाले. म्हणजे ‘नाही’ असे उत्तर मिळालेले २,९३४, त्यांत प्रत्यक्ष रोगी चारच. सातशेहून अधिक माणसांत एक. सासऱ्यांना थुंकी देण्याचे खरे कारण हे आहे : ती दिली नाही तर संशय आयुष्यभर पारावर त्यांच्याआधी जाऊन बसेल, दिली तर बहुधा आठवड्याच्या आत तो निघून जाईल.

आणि उत्तर ‘आहे’ असे आलेच तर? लक्षणे नसलेल्या या गटात अशा ८५ जणांपैकी २५ खरे, म्हणजे दहांत तीन. म्हणून खोकला नसलेल्या माणसाचा अहवाल असा आला, की डॉक्टर पुन्हा प्रश्न विचारतात, चित्र पुन्हा पाहतात, कधी दुसरा नमुना मागतात. हे त्यांचे अज्ञान नव्हे किंवा पैसे काढणे नव्हे. हा हिशेबच त्यांना ते करायला लावतो. मात्र त्यांनी औषध सुरू करा असे सांगितले, तर ‘दहांत तीनच’ म्हणून ते टाळण्याचा अधिकार या लेखातून कोणी घेऊ नये. अहवालाखेरीज आणखी पुष्कळ गोष्टी डॉक्टरांसमोर असतात.

याच गावातील दुसरे एक गृहस्थ कल्पून पाहा. वय तेच, चिठ्ठी तीच, अक्षरही तेच. पण यांना तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी अंग तापते, धोतराची गाठ सैल पडू लागली आहे, मधुमेहही आहे. अशी लक्षणे असलेल्या हजार माणसांत शंभर क्षयरोगी असतील असे धरू. हा आकडा माझा, केवळ उदाहरणासाठी घेतलेला. चित्रात शंभरांपैकी ९० सापडतील, उरलेल्या ९०० पैकी २७० जणांवर खोटा संशय येईल. ३६० चिठ्ठ्यांत ९० खरे : चौघांत एक. आता थुंकी. ९० पैकी ७६ जणांचे उत्तर ‘आहे’, २७० पैकी पाचांचे चुकून ‘आहे’. एक्याऐंशीत शहात्तर खरे. इथे संशय उरलाच नाही म्हणा.

यांच्याच बाबतीत ‘नाही’ या उत्तराचा अर्थही पाहावा. निसटलेले १४, मोकळे झालेले २६५. म्हणजे ‘नाही’ ऐकलेल्या २७९ पैकी १४ जणांना क्षय आहेच. विसात एक. पहिल्या गृहस्थांचे ‘नाही’ आणि या गृहस्थांचे ‘नाही’ कागदावर सारखेच छापून येते, पण पहिल्यांनी निर्धास्त व्हावे आणि दुसऱ्यांनी खोकला चालूच राहिल्यास पुन्हा जावे. शुश्रूषा करणाऱ्यांनी या लेखातून एकच गोष्ट उचलायची झाली तर ही उचलावी : अहवाल कागदावर असतो, पण त्याचा अर्थ ज्या माणसाचा तो आहे त्याच्यापासून सुरू होतो. डॉक्टर अहवाल हाती घेण्यापूर्वी ‘खोकला किती दिवस, घरात कोणाला होता का, वजन उतरले का’ असे विचारत बसतात, तेव्हा ते या हिशेबातील पहिला आकडा शोधत असतात. तो अंदाजे सांगू नये. दिवस मोजून सांगावेत.

या रीतीला गणितात बेझचे प्रमेय म्हणतात. थॉमस बेझ हे इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथील धर्मोपदेशक. १७६१ साली ते वारले. त्यांच्या कागदांतील निबंध रिचर्ड प्राइस या स्नेह्याने नीट करून पुढे पाठवला आणि तो १७६३ मध्ये रॉयल सोसायटीसमोर आला. नवा पुरावा मिळाल्यावर जुना अंदाज किती आणि कोणत्या दिशेने सरकवावा, हे त्या प्रमेयाचे सार. विसाव्या शतकात हा विचार मागे पडला असताना केंब्रिजच्या हॅरोल्ड जेफ्रीज यांनी तो पुन्हा उभा केला, आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्यांत एक कोल्हापूरचे होते : वसंत शंकर हुजूरबाजार. पुढे पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे अध्यापन त्यांच्याच नेतृत्वाखाली उभे राहिले, आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. इतकी मोठी मंडळी ज्या विषयात रमली, तो माजघरातही उपयोगी पडतो, याचे मला नेहमीच नवल वाटते.

हा हिशेब डॉक्टरांना तरी तोंडपाठ असतो का? १९७८ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला होता : हजारात एकाला होणारा रोग, आणि निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून ‘आहे’ म्हणणारी तपासणी, तर ‘आहे’ असे उत्तर आलेल्या माणसाला रोग असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त जणांनी ९५ टक्के असे सांगितले. बरोबर उत्तर दोन टक्के (हजारात एक खरा, पन्नास खोटे), आणि ते साठांपैकी फक्त अकरा जणांना आले. त्यामुळे आसेगावच्या भगिनींनी ओशाळण्याचे काही कारण नाही. उलट त्यांनी विचारले तरी.

करोनाच्या काळात तर या हिशेबाने सबंध देशाचे नियम ठरवले होते. जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अँटिजेनच्या जलद तपासणीला परवानगी दिली, तेव्हाच तिचे गुणदोष जाहीर केले होते : निरोगी माणसाला चुकून ‘बाधित’ म्हणण्याचा दोष जवळजवळ नाही (९९.३ ते १०० टक्के अचूक), पण खऱ्या बाधितांपैकी सापडतात ५०.६ ते ८४ टक्केच. म्हणून नियम असा झाला : ‘आहे’ आले तर खरे माना, ताप-खोकला असूनही ‘नाही’ आले तर आरटीपीसीआर कराच. पुष्कळ घरांत नियमाचा दुसरा भाग पाळला गेला नाही. तो किती महत्त्वाचा होता ते मोजून पाहा. साथ भरात असताना लक्षणे असलेल्या शंभर वृद्धांत ६० बाधित आहेत आणि तपासणी ६० टक्के पकडते असे धरा : ३६ सापडले, २४ निसटले, ४० खरोखर निरोगी. ‘नाही’ ऐकून घरी परतलेल्या ६४ जणांपैकी २४ बाधित, म्हणजे तिघांत एकाहून अधिक.

क्षयाकडे परत येऊ, कारण तिथे अजून एक सापळा आहे. ‘थुंकी कशाला, रक्त तपासून टाकू’ असा सल्ला अनेकांना मिळतो. पूर्वी रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या तपासण्या बाजारात भरपूर होत्या. त्या दोन्ही बाजूंनी चुकत : रोग्याला सोडून देत आणि निरोग्याला पकडत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले, आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. हातावर टोचून पाहायची मॅन्टू तपासणी आणि रक्ताची इग्रा तपासणी यांचे काम निराळे आहे. शरीराची या जंतूशी गाठ पडली आहे का, एवढेच त्या सांगतात. रोग जडला आहे का, हे नाही. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील ३१ टक्क्यांहून अधिक लोकांत असा संसर्ग आढळला, आणि त्यांतील बहुसंख्यांना रोग कधीच होत नाही. तेव्हा सत्तरीच्या माणसाची मॅन्टू तपासणी ‘आहे’ म्हणाली, तर तिने फारसे काही नवे सांगितलेले नाही.

आता पत्रातील ताट-पेल्याविषयी. क्षय भांड्यांतून, कपड्यांतून, एकत्र जेवण्याने पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत पसरतो. म्हणजे सासऱ्यांना समजा खरोखरच क्षय असता, तरी वेगळ्या ताटाने नातवाचे रक्षण झाले नसते. उघडी खिडकी, खोकताना तोंडावर रुमाल आणि वेळेवर सुरू झालेले औषध यांनी झाले असते. ताट आजच परत पंगतीत आणावे.

थुंकीचा नमुना देताना ज्येष्ठांची एक अडचण होते. बऱ्याच जणांकडून डबीत नुसती लाळ येते, बेडका येत नाही, आणि मग तपासणीला हिशेबातले ८५ टक्के बळ राहत नाही. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापूर्वी, साध्या पाण्याने चूळ भरावी. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, आणि छातीच्या तळातून खोकून आलेला बेडका डबीत घ्यावा. हे मोकळ्या हवेत, अंगणात करावे. खोकलाच नसलेल्या माणसाला बेडका येत नसेल, तर तसे केंद्रात सांगावे. लाळ देऊन वेळ मारून नेऊ नये. पूर्वी कधी क्षयाचे औषध घेतले असेल, वीस वर्षांपूर्वी का होईना, तर जुने कागद शोधून सोबत न्यावेत. मेलेल्या जंतूंचे अंश उरल्यानेही ही नवी यंत्रे ‘आहे’ असे म्हणू शकतात, आणि जुन्या उपचाराची माहिती नसेल तर डॉक्टरांचा पहिला आकडाच चुकतो. आशाताईंना आदल्या दिवशी विचारले तर डबी घरी मिळू शकते. काही शंका असल्यास क्षयरोग कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी आहे : १८००-११-६६६६.